नाटकाच्या वर्कशॉपमध्ये एकदम जोरात ओरडले, आता परत जायचं की नाही?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र आहे आणि मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

वय ४३, कोल्हापूरची राजारामपुरी, एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसते. घरी सासूबाई, नवरा, दोन मुलं, त्यातला मोठा बारावीला म्हणजे घरात सध्या टीव्हीपण म्यूटवर. तक्रार अशी काही नाही. पण काही वर्षांपासून एक गोष्ट जाणवायला लागलीय की माझे आवाजच वेगवेगळे झालेत. थकबाकीदाराशी बोलताना एक गोड आवाज, साहेबांशी एक, सासूबाईंशी एक, नणंदेच्या फोनवर अजून एक. आणि समोर कुणीच नसेल तेव्हाचा आवाज कुठला म्हणाल तर तो नाहीच, एकटी असले की मी मोबाईल बघत बसते. शाळेत मी लई आगाऊ होते हो, गॅदरिंगला सगळ्या सरांच्या नकला करायची, मुख्याध्यापकांची तर त्यांच्यासमोरच केलेली. आता कुणी विचारलं तुला काय खायचंय, तर मी "तुम्ही घ्याल ते" म्हणते, आणि खोटं नाही, खरंच माहीत नसतं मला काय खायचंय ते.

तर ऑफिसातल्या मैत्रिणीनं ओढून नेलं. दसरा चौकाजवळ एका हॉलमध्ये रविवारी सकाळी मोठ्या माणसांसाठी नाटकाचं वर्कशॉप असतंय, पोस्टरवर "स्वतःला नव्याने भेटा" असलं कायतरी लिहिलेलं. म्हटलं चला, तेवढंच घराबाहेर. आधी नुसतं चालणं, मग डोळे मिटून चालणं, मग समोरचा करेल तसंच आरशातल्यासारखं करायचं, मजा आली. मग सरांनी जोड्या पाडल्या आणि म्हणाले आता भांडा, पण कुठल्याच भाषेत नाही, नुसती अगम्य बडबड. भांडण कशावरनं तर एक स्टीलचा डबा, माझा का तुझा. माझ्यासमोर एक कॉलेजचा मुलगा. पहिल्यांदा हसत होते, आणि मग काय झालं काय माहीत, पोटातनं असा आवाज निघाला की बाकीच्या जोड्या भांडायच्या थांबल्या. तो मुलगा बिचारा खरंच मागं सरला. डबा मी घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी ॲक्टिव्हावर बागल चौकापर्यंत रडत आले.

पुढं अजून आहे. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेला "आज भाकरी मी करणार नाही, बाहेरनं मागवा" असं तोंडातनं निघून गेलं. आणि कुणाला काहीच झालं नाही! नवरा बरं म्हणाला, सासूबाई नुसत्या बघत राहिल्या. मला मात्र रात्रभर धडधड.

आता मला विचारायचंय ते असं, की ही जी ओरडली ती खरी मी का, का ते नाटकच होतं आणि मीच उगाच मोठं करायलेय? आणि दुसरं, पुढच्या रविवारी सर म्हणालेत की प्रत्येकानं आयुष्यातला सगळ्यात त्रासाचा प्रसंग सांगायचा आणि बाकीच्यांनी तो करून दाखवायचा. मला ते अजिबात नको आहे. पण ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिलेत. नवरा म्हणतो त्यापेक्षा भजनी मंडळ जॉईन कर. कुणी असलं काही केलंय का?

उद्यमनगरचा_पोरगा

ताई नाद खुळा!! डबा घेतला न्हवं, मग विषय संपला.

मी फाउंड्रीत सुपरवायझर आहे, कॉलेजला असताना एकांकिका करायचो. आमच्यात एक पत्त्यांचा खेळ असायचा, सांगतो. प्रत्येकाच्या कपाळाला एक पत्ता लावायचा, स्वतःचा दिसत न्हाय, दुसऱ्याचा दिसतो, आणि लग्नाच्या पंगतीत सगळे जमल्यात असं समजून वागायचं. राजाला लोक खुर्ची देत्यात, एक्क्याला वाढायला पळत्यात. मला दुर्री लागलेली. कोण शिवी दिली न्हाय, कोण ढकललं न्हाय, फक्त माझ्याकडं कोण बघंनाच, आणि थोड्या वेळात माझे खांदे आपोआप खाली, आवाज बारीक, उठून स्वतःच कोपऱ्यात जाऊन बसलो. खरा मी कोण ते मला आजपण ठावं न्हाय. पण खांदे कशानं खाली जात्यात ते तवा कळलं. आता शॉपवर कंत्राटी पोरं कोपऱ्यात उभी राहून डबा खात्यात ते बघितलं की तो पत्ता आठवतो.

त्रासाच्या प्रसंगाचं मला माहीत न्हाय, ते जाणकार सांगतील. पण जावा परत.

विंगेतला_म्हातारा

मी हौशी रंगभूमीवर आयुष्य घालवलं, त्यातलं निम्म्याहून जास्त विंगेत. प्रॉम्प्टिंग, नेपथ्य, लाइट्स, टेम्पो ठरवणे, नटांचे रुसवे काढणे. त्यामुळे थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

"स्वतःला भेटा" वाली पोस्टरं बघितली की मला हसू येतं. नाटकात स्वतःकडं बघायला वेळच नसतो हो. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी म्हणजे काय, लोक दिवसभर नोकरी करून रात्री कुठल्यातरी शाळेच्या वर्गात जमणार, बाकं सरकवणार, पाठांतर झालेलं नसणार, चहा गार झालेला असणार. आणि तिथं दिग्दर्शक एकच गोष्ट सांगून सांगून घसा बसवतो, की समोरचा काय बोलतोय ते ऐक. नवा नट असतो तो स्वतःचं वाक्य कधी येतंय ह्याचीच वाट बघत असतो. ज्या दिवशी तो समोरच्याचं खरंच ऐकायला लागतो त्या दिवशी त्याच्या तोंडावर जे येतं ते खरं असतं, आणि त्याला त्याचा पत्तापण नसतो. तुमचं तेच झालं. तुमचं ध्यान डब्यावर होतं. स्वतःला शोधायला बसला असता तर काही सापडलं नसतं.

एक उदाहरण देतो. आमच्या ग्रुपात एक सरकारी कचेरीतला क्लार्क होता, गरीब गाय. कुणी रांगेत पुढं घुसलं तरी हा "या, या" म्हणणार. दिग्दर्शकानं त्याला सावकार दिला, आम्ही सगळे म्हटलं पडलं नाटक. त्यानं तो सावकार आवाज न चढवता केला. वही बंद करायची आणि "नाही" म्हणायचं, बास. प्रेक्षकात सन्नाटा. आता ह्याच्या आत एक क्रूर माणूस दडलेला होता असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. आयुष्यभर कचेरीत त्यानं दुसऱ्यांना "नाही" म्हणताना बघितलं होतं, ऐकलं होतं, सगळं अंगात साठलेलं होतं, वापरायची परवानगी तेवढी नव्हती. ती त्या अंगरख्यानं दिली. त्यानंतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यानं बिल्डरला हिशोब मागितला तेव्हा शेजारी चाट पडले. आणि बाकीच्या वेळी तो तसाच राहिला, आजपण रांगेत "या, या" म्हणतो.

इंग्लंडमध्ये कीथ जॉनस्टन म्हणून एक होते, इम्प्रोव्ह शिकवायचे, म्हणजे संहिता नसताना आयत्या वेळी सुचेल ते नाटक. रॉयल कोर्ट थिएटरला नटांची बोलणी त्यांना खोटी वाटायची, काही केल्या रोजच्यासारखी होईनात. मग त्यांनी एवढंच सांगितलं की समोरच्यापेक्षा तुमचा मान, म्हणजे दर्जा, थोडासाच वर किंवा थोडासाच खाली ठेवा. लगेच सीन जिवंत झाले. वरच्या पोरानं पत्त्याचं सांगितलं ते त्याच जातीचं आहे. तुमचे ते चार आवाज म्हणताय ना ताई, ते चार मान आहेत. सगळे खाली ठेवलेले. डब्याच्या भांडणात एकदा वर गेला.

आता तो त्रासाचा प्रसंग. मी असतो तर नाही म्हटलं असतं. आपल्या नाट्यशास्त्रात शोक हा स्थायीभाव आणि करुण हा रस, ही दोन वेगळी ठेवलीत ती उगाच नाही. शोक माझा असतो, तो मला नुसता भाजतो. करुण रस व्हायला मधे पात्र लागतं, गोष्ट लागते, थोडं लांब जावं लागतं. चार ओळखीच्या, सहा अनोळखी माणसांपुढं कच्चा शोक काढून ठेवणे ह्याला मी नाटक म्हणत नाही.

बाकी केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ पासूनचं थिएटर. त्या रात्री थिएटरशेजारी खासबागेकडं जी माणसं रडत उभी होती त्यातली कितीतरी कधी स्टेजवर गेलेलीच नव्हती. ह्या गावात नाटकाला काय म्हणतात ते तुमच्या नवऱ्याला सांगा. भजनाचा अपमान करायचा नाही, भजनातपण आवाज लागतोच.

शांतपणे_ऐकते

सोनचाफाताई, मी समुपदेशनाचं काम करते, कोल्हापुरातच. इथं लिहिलेलं म्हणजे उपचार नव्हे, एवढं आधी सांगते.

"खरी मी" ह्या शब्दावर लोक फार अडकतात. विनिकॉट म्हणून ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते, त्यांनी १९६० मध्ये खरा स्व आणि खोटा स्व असं मांडलं. लोक त्यातलं अर्धंच उचलतात. त्यांच्या म्हणण्यात खोटा स्व शत्रू नाहीये, तो राखणदार आहे. लहानपणी आजूबाजूच्यांना सांभाळून घ्यायला तयार झालेला. साधी सभ्यता, "या, बसा, चहा घ्या", हे त्याचंच निरोगी रूप. अडचण कधी येते, तर राखणदारच घरमालक होऊन बसतो तेव्हा, आणि मग "काय खायचंय" ह्याचं उत्तर आतून येईनासं होतं. तुमचा गोड आवाज फेकून द्यायची गरज नाही, थकबाकीदाराशी तो लागणारच आहे. तो कधी लावायचा हे तुमच्या हातात यावं एवढंच.

आणि अगम्य बडबडीनं का होतं हे? कारण शब्द आले की आपण सेन्सॉर करतो. "असं कसं बोलू", "लोक काय म्हणतील". शब्दच काढून घेतले की उरतो श्वास, आवाज, हात. त्यात भूमिकेचं कवच असतं, "मी कुठं, ते तर डब्याचं भांडण होतं". ड्रामा थेरपीत ह्या अंतराला फार किंमत आहे. भावनेच्या अगदी आत शिरलं तर माणूस वाहून जातो, फार लांब राहिलं तर काहीच वाटत नाही, मधली जागा पकडायची असते.

सायकोड्रामा, म्हणजे नाटकातनं मनावर उपचार, सुरू करणारे याकोब मोरेनो, व्हिएन्नात १९२० च्या दशकात त्यांचं आयत्या वेळी रचलेल्या नाटकांचं थिएटर होतं. त्यांनी स्वतः सांगितलेला एक किस्सा आहे. त्यांच्याकडची बार्बरा नावाची नटी नेहमी सोज्ज्वळ नायिका करायची. तिचा नवरा येऊन म्हणाला, इथं ही देवी दिसते, घरी मात्र माझ्यावर तुटून पडते. मोरेनोंनी तिला मुद्दाम रस्त्यावरच्या, शिवराळ बायकांच्या भूमिका द्यायला सुरुवात केली. तिनं त्या जीव तोडून केल्या, आणि घरातली भांडणं कमी झाली, कधीकधी भांडता भांडता तिला हसूच यायला लागलं. तुमचं ह्याच्या उलट, तुम्ही सोज्ज्वळ भूमिका घरी आणि ऑफिसात करता.

आता महत्त्वाचं. त्या पुढच्या रविवारबद्दल मला काळजी वाटते. नाट्यशिबिर घेणारा चांगला दिग्दर्शक असू शकतो, पण दुखरा प्रसंग उघडणं आणि नंतर तो नीट मिटवणं हे वेगळं शिक्षण आहे. सरांना सरळ विचारा: एखाद्याला नको असेल तर त्यानं नुसतं बसलं तर चालेल का? कुणी फार रडायला लागलं तर तुम्ही काय करता? इथलं बोललेलं बाहेर जाणार नाही असं ठरलंय का, मोबाईल शूटिंग बंद असतं का? आणि शेवटी भूमिकेतनं बाहेर काढता का? म्हणजे अंग झटकणं, ओढणी किंवा टोपी काढून ठेवणं, स्वतःचं नाव मोठ्यानं घेणं, आज घरी जाऊन काय करणार ते सांगणं. तुम्ही टाळ्यांनंतर तशाच ॲक्टिव्हावर बसलात आणि बागल चौकापर्यंत रडत आलात. ते रडणं वाईट नव्हतं, पण रस्त्यावर व्हायला नको होतं, हॉलमध्येच दहा मिनिटं मिळायला हवी होती. सरांना विचारल्यावर ते चिडले तर तेच उत्तर समजा.

घरी करण्यासारखं म्हणाल तर लिहा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे, कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस पंधरा पंधरा मिनिटं मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं, घडलं काय तेही आणि वाटलं काय तेही. पुढच्या काही महिन्यांत ह्या मुलांचं आजारपणासाठी डॉक्टरकडं जाणं कमी झालं. पण लिहिल्या लिहिल्या त्यांना आधीपेक्षा जास्त वाईट वाटलं होतं, हे कुणी सांगत नाही. म्हणून झोपायच्या आधी लिहू नका. शुद्धलेखन बघू नका, कुणाला दाखवू नका.

झोप उडाली, जुनं काही सारखं डोळ्यासमोर यायला लागलं, धडधड थांबेनाच, तर वर्कशॉप बाजूला ठेवून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, जाता येतं, किंवा सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

सोनचाफा

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, हळूहळू वाचतेय, दोनदा वाचलं.

धडधड गेली दुसऱ्या दिवशी. झोप लागते. जुनं काही भयंकर असं नाहीये माझ्याकडं, म्हणूनच तो "सगळ्यात त्रासाचा प्रसंग" नको वाटतोय, एक प्रसंग नाहीच ना, रोजचंच थोडं थोडं आहे, ते काय करून दाखवणार.

पण विंगेतल्या काकांचं वाचून एक आठवलं. तो आवाज कुणाचा ते. माझी आजी, आईची आई, कागलकडची. शेताच्या बांधावरनं नाहीतर पाण्याच्या पाळीवरनं भांडायला लागली की अख्खी गल्ली बाहेर यायची. कमरेवर एक हात, दुसरा हात असा वर. मी वर्कशॉपमध्ये एक्झॅक्टली तसाच हात केला होता, मैत्रिणीनं सांगितलं. आईला आजीची लाज वाटायची, ती आम्हाला "असं ओरडायचं नाही, गावंढळ दिसतं" म्हणायची. म्हणजे मी आजीची नक्कल केली, शाळेत सरांची करायची तशीच. मग ते माझं कसं?

गौरीचा_जागर

तुझी आजी म्हणजे आमच्याच पिढीची की गं. मी आजरा तालुक्यातली, आता शिवाजी पेठेत लेकाकडं असतो. (आमच्याकडं बायका असतो-जातोच म्हणतात, पुण्यामुंबईच्यांनी गोंधळू नये.)

पोरी, आजीचा आवाज नातीत आला तर तो कुणाचा म्हणून काय विचारतीस? नाक आजीचं आलं तर परत देतीस काय?

आणि हे वर्कशॉप बिर्कशॉप आम्हाला नवीन न्हाय. गौरीच्या जागराला काय असायचं? झिम्मा, फुगडी, घागर घुमवणं, पिंगा. पिंग्यात दोन बाजू पाडून भांडायचं, गाण्यातच. एकजण सासू व्हायची, नाकावर चष्मा, कमरेत वाकलेली, आणि सगळ्या सुना मिळून तिची अशी टिंगल करायच्या, आणि खरी सासू भिताडाला टेकून बसलेली असायची, तीपण पदर तोंडाला लावून हसायची. पुरुष माणूस त्या खोलीत न्हाय. रात्र संपेपर्यंत कुणी कुणाला काय म्हटलं त्याचा दुसऱ्या दिवशी उल्लेख करायचा न्हाय, असा नेमच होता. त्या समुपदेशक बाईंनी जे नियम सांगितले ना, ते आमच्यात न सांगता असायचे.

जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पोइतवां ह्या दोघांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत, नातवानं मोबाईलवर ऐकवल्या मला. त्यात बाई आईबापाला विचारती, विठ्ठलाला विचारती, सीतेचं नाव घेऊन स्वतःचं सांगती. तोंडावर कुणाला बोलायची सोय नव्हती, दळताना होती.

पण खरं सांगू का, एक गोष्ट मला तेव्हाबी खटकायची. रात्रभर सासूची टिंगल केली, आणि सकाळी त्याच सासूच्या हाताखाली चूल पेटवली. मन मोकळं झालं, पण चूल कुणाची ते बदललं न्हाय. पुढच्या वर्षी परत गौरी, परत टिंगल, परत चूल. तू भाकरी करणार न्हाय म्हणालीस ते मला जास्त आवडलं. आमच्या जागरातनं उठून तेवढं कुणी म्हटलं न्हाय.

रोखठोक_शाहूपुरी

माफ करा पण हे सगळं पोट भरल्यावरचे उद्योग आहेत. एक दिवस भाकरी केली नाही तर एवढी चर्चा? लोकांकडं वर्कशॉपची फी भरायला पैसे नाहीत. आणि "खरी मी" "खोटी मी" करून घरं मोडतात. जबाबदारी म्हणून काही असतंय की नाही? सगळेच खरेखुरे वागायला लागले तर पतसंस्थेत कर्ज कोण वसूल करणार?

उद्यमनगरचा_पोरगा

दादा, वसुलीचं सोडा, तो डबा कसा घेतला बघितलं न्हाय व्हय? आता तर वसुली डबल हुतीय.

सायबर_चौक_२२

रोखठोक काका, पोट भरल्यावरचे उद्योग म्हणालात म्हणून लिहितोय. ऑगस्तो बोआल म्हणून ब्राझीलचे नाटकवाले होते, त्यांनी ज्यांची पोटं भरलेली नव्हती अशाच लोकांसोबत हे केलं. तिथल्या लष्करी राजवटीनं त्यांना १९७१ मध्ये पकडलं, छळ केला, मग देश सोडावा लागला. पोट भरलेल्यांच्या टाइमपासला कोण तुरुंगात टाकतंय?

त्यांचा फोरम थिएटर म्हणून एक प्रकार आहे, आम्ही कॉलेजच्या ग्रुपमध्ये थोडाफार करून बघितलाय, आणि वरच्या आजींनी जो प्रश्न टाकलाय ना की मन मोकळं झालं पण चूल तीच, बोआलना पण तेच पडलेलं. प्रेक्षक रडून मोकळे होऊन घरी जातात, मग बदलायचं कुणी. तर फोरममध्ये असं करतात की एक छोटा सीन करायचा ज्यात कुणीतरी दबतंय, आणि तो वाईटच संपवायचा. मग तोच सीन परत सुरू करायचा, आणि बघणाऱ्यातला कुणीही "थांब" म्हणून दबणाऱ्याच्या जागी येऊ शकतो आणि वेगळं काहीतरी करून बघतो. समोरची पात्रं मात्र सहज ऐकत नाहीत, ती खऱ्यासारखीच नडतात.

ताई, तुमचा तो भाकरीचा सीन एकदम भारी होईल ह्याला. दुःखद प्रसंग वगैरे नको, रोजचाच. संध्याकाळ, किचन, सासूबाई, नवरा, बारावीवाला मुलगा. तुमच्या जागी दुसरं कुणीतरी उभं राहू दे आणि तुम्ही बघा ती काय करते. आमच्याकडं एका मुलीनं हॉस्टेलच्या रेक्टरचा सीन दिलेला, तिच्या जागी सात आठ जण आले, एक ओरडला, एक रडला, एकीनं नियमावली काढून वाचली, एकीनं जोक मारला. त्या मुलीनं शेवटी ह्यातलं काहीच घेतलं नाही, पण ती म्हणाली मला वाटायचं एकच रस्ता आहे. आणि एकानं तर रेक्टरच्या जागी उभं राहून बघितलं, तेव्हा रेक्टरला वरनं कोण दाबतंय तेपण बाहेर आलं. तुमच्या सासूबाई नुसत्या बघत राहिल्या म्हणालात ना? त्यांच्या जागी तुम्ही उभ्या राहून बघा की एकदा.

विंगेतला_म्हातारा

हा पोरगा बरोबर बोलतोय. आणि सोनचाफा, नकलेचं म्हणशील तर, (आता एकेरीवर आलो, चालवून घे) नक्कल करता येणारी पोरं नाटकात सगळ्यात आधी घेतात आणि सगळ्यात जास्त त्रासपण तीच देतात. कारण त्यांना वरचं लगेच जमतं, हात, मान, आवाज, आणि लोक हसतात म्हणून ती तिथंच थांबतात. तू थांबली नाहीस. आजीचा हात वर गेला आणि त्याच्यामागनं तुझा राग आला. हात उसना, राग तुझा. तालमीत आम्ही असंच करतो, आधी बाहेरनं काहीतरी उसनं घ्यायचं, चाल, काठी, तपकीर ओढायची लकब, आणि वाट बघायची.

एक सावधानतेची सूचना. स्पर्धेचा प्रयोग झाला की दुसऱ्या दिवशी नटांना जे रितं रितं वाटतं ते मी फार बघितलंय. काही जण मग त्या रितेपणाला घाबरून लगेच दुसरं नाटक धरतात, घरचं लक्ष नाही, नोकरीत लक्ष नाही. वर्कशॉपांचंपण तसंच व्यसन लागतं. रविवारी वाघ आणि सोमवारी परत "तुम्ही घ्याल ते". तसं नको.

सोनचाफा

काका, एकेरीच बरं वाटतंय.

अपडेट देते. सरांना मेसेज केला. समुपदेशक ताईंनी दिलेले प्रश्न तसेच्या तसे कॉपी करून पाठवायचं धाडस झालं नाही, थोडे गोड करून पाठवले (सवय!). ते चिडले नाहीत. म्हणाले बसून बघितलं तर चालेल, शूटिंग नसतंच, आणि शेवटी वेळ ठेवायचं त्यांच्या डोक्यात नव्हतं पण ठेवू म्हणाले. मी म्हटलं माझा प्रसंग नको पण भाकरीचा सीन देते, त्यावर त्यांनी हसायचं चिन्ह पाठवलं आणि विचारलं सासू कोण करणार. मी करते म्हटलं.

सासूबाईंना हे सांगितलं नव्हतं, पण काल भांडी आवरताना त्या आपणहून म्हणाल्या, त्या दिवशी तू भाकरी करणार नाही म्हणालीस तेव्हा मला वाटलं आता मला करावी लागणार. एवढंच त्यांच्या डोक्यात होतं! मी काय काय समजून बसलेले. त्यांचे गुडघे दुखतात, उभं राहवत नाही, ते त्यांनी कधी सांगितलेलं नाही. आता सासूचं पात्र करताना हे कुठं घालायचं ते बघते.

रोखठोक दादा, फी ३०० रुपये आहे रविवारची, आणि वसुली व्यवस्थित चालू आहे.

शांतपणे_ऐकते

छान झालं. सासूबाईंची भूमिका करून झाली की त्यातनं बाहेर यायला विसरू नका, नाहीतर घरी दोन सासवा होतील.

गौरीचा_जागर

चष्मा पाहिजे असला तर माझा जुना हाय, काड्या मोडक्या आहेत पण नाकावर बसतोय. आणि कमरेत वाकू नको लगेच, सगळी तिथंच चुकतात. गुडघ्याचं दुखणं कमरेत दिसत न्हाय, बसताना आणि उठताना दिसतंय.

उद्यमनगरचा_पोरगा

ताई ते रविवारचं वर्कशॉप सोमवारी नसतंय काय कुठं? आमची सुट्टी सोमवारी असती, रविवारी भट्टी चालू. अजून दोघं तिघं येतील माझ्यासंगं, एकजण मोल्डिंगचा आहे, दिवसभर तोंडातनं शब्द काढत न्हाय, त्याला डब्यावरनं भांडायला लावायचंय मला.

सोनचाफा

विचारते सरांना. शब्द न काढणारे आमच्या बॅचला पण दोघं आहेत, त्यातला एक वकील आहे.